थोरली, धाकटी आणि दोन मार्क

ताडकळस,
१९ जानेवारी

विष्ण्या,

सटवाजीचा रामराम. अक्षर माझं न्हाई हे तू वळखलंच असशील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायलाय. डॉक्टर म्हणतो, अजून महिनाभर थांबा, मग काढू. तवर मी सांगायलोय अन् आमच्या घरची लिहायलीय. नर्मदा चौथी पास हाय, पर मी सांगंन तेवढंच लिहिती. आता म्हणायलीय, तेवढं कशाला सांगायचं, पुढं बोला. हे लिहू नको म्हणलं तर तेबी लिहिलं बघ.

फोन का केला न्हाई म्हणशील. मी फोनवर बोलाय लागलो की गल्ली गोळा होती, अन् तिकडं तुझ्या शेजारच्या कुसुमबाईला आमच्या घरची सगळी खबर कळती. पत्र बरं. पत्र वरडत न्हाई.

काम असं हाय. महारुद्रानं घरावर सोलारच्या पाट्या बसवल्यात. वीज वापरून उरायलीय. पोरगं म्हणतंय, दादा, आता विजेवरची मोठी गाडी घेऊ. दोन गाड्या त्यानं काढल्यात. एक लांब, उंच, धिप्पाड. दुसरी तिच्यापेक्षा आखूड. त्याला दोन्ही आवडायल्यात, म्हणून निवड माझ्यावर टाकली. अन् मला तर ताटातली भाकर दिसंना. पाडव्याला गाडी दारात पाहिजे.

दोन्ही शोरूम परभणीतच हायेत. तू जा, दोन्हींत बस, अन् मार्क दे. तुलाच का सांगायलोय? कारण तुझ्यासारखा कंजूस मास्तर जिल्ह्यात झाला न्हाई. माझ्या सख्ख्या पोराला नववीत मराठीत तेहतीस देऊन वरीसभर मागं बसवलास. दोन मार्कासाठी! "कवीला काय म्हणायचे आहे?" ह्या सवालाला माझ्या लेकरानं लिहिलं, "ते कवीलाच विचारा." तू चारपैकी भोपळा दिलास. तीस वर्सं झाली, मी इसरलो न्हाई. पर ज्यानं मैतराच्या पोराला दोन मार्क दिले न्हाईत, तो गाडीवाल्याला काय देणार? म्हणून तुझ्यावर भरोसा हाय.

एक आतली गोष्ट. मला मोठीच पाहिजे. शेजारच्या लिंबाजीच्या गाडीपेक्षा चार बोटं उंच. तरीबी मार्क दे. पोराला दाखवाय कागद पाहिजे.

तुझा,
सटवाजी

*

परभणी,
२३ जानेवारी

प्रिय सटवाजी,

तुझे पत्र आले तेव्हा मी अंगणात पाठ उन्हाला देऊन बसलो होतो. वहिनींच्या अक्षरातून तुझाच आवाज आला. फक्त ओळी तुझ्यापेक्षा सरळ चालतात.

विजेवरची गाडी हे शब्द वाचले आणि मी एकदम सातवीत गेलो. देवळे गुरुजींनी आपल्याला येलदरीचे धरण दाखवायला नेले होते, आठवते? वीज कशी तयार होते हे आपल्यापैकी एकालाही कळले नाही. मग गुरुजी कठड्याला टेकले, छत्री मिटली आणि त्यांनी तिथल्या तिथे दोन ओळी रचून म्हटल्या:

पाणी वरुनी पडले, खाली दिवा उजळला;
पडणाऱ्याचा मान असाही आम्हां आज कळला.

आम्ही सारे माना डोलावत होतो आणि तू पाणी कुठे पडते ते बघायला वाकलास, तो थेट कालव्यात. कमरेइतक्या पाण्यातून बाहेर येताना तू विचारलेस, "गुरुजी, आता माझा मान कळला का?" तुझी चड्डी गुरुजींच्या छत्रीवर वाळली. तिचा तो निळा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आजकालच्या आठवणी टिकत नाहीत. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते सांगता येत नाही.

असो. काम स्वीकारले. पण माझ्या पद्धतीने. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर जसे मुलाचे नाव झाकलेले असते, तसे मी दोन्ही कंपन्यांचे नाव झाकतो. मोठीला 'थोरली' म्हणू, लहानीला 'धाकटी'. प्रश्न पाच, प्रत्येकी वीस गुण. एका चार्जिंगमध्ये किती धावते, चार्ज व्हायला किती वेळ खाते, आपल्या रस्त्यांवर हाडे शाबूत ठेवते का, बसायला कशी, आणि दिसायला कशी. दिसण्याचे वीस गुण जास्त होतात असे तू म्हणशील, पण मी आयुष्यभर कविता शिकवली आहे.

ग्रेस मिळणार नाही. तुला मोठी हवी, हे वाक्य मी वाचलेच नाही असे समज.

तुझा,
विष्णुपंत

*

ताडकळस,
२८ जानेवारी

विष्ण्या,

पद्धत मंजूर. पर दिसण्याला वीस म्हणजे लयच झालं. आपण दोघं दिसण्यात कधी पास झालोत? मागच्या सीटवर बसून बघ, पाय लांब करून. तेवढं नीट बघ. डिकी किती ते बघ. बाकी तुझी मर्जी.

नर्मदाचा गुडघा आता बरा हाय. मागल्या साली परभणीला एकवीस दिवस शेक घ्यायला जायची, त्याचा गुण आला.

सटवाजी

(त्याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

गुरुजी,

नर्मदाचा नमस्कार. वरचं त्यांनी सांगितलेलं हाय, हे माझं हाय. हे वाचून चुलीत घाला. गॅस असंल तर फाडून टाका.

मी शेकाला गेलेच न्हवते. एकवीस दिवस मी गाडी शिकाय जायची. आमची नात भक्ती हाय न्हवं, तिला तेवढं ठाऊक. त्रेसष्टाव्या वर्षी लायसन काढलंय, साखरेच्या डब्याखाली ठिवलंय. क्लासच्या गाडीचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा असा सुजायचा की घरी येऊन खरंच शेकावा लागायचा. तवा मास्तरीणबाई म्हणली, आजी, विजेच्या गाडीला क्लचच नसतो, डाव्या पायाला कामच न्हाई. तवापास्नं माझ्या डोक्यात गाडी शिरली. पोराच्या डोक्यात मीच घातली, त्याला वाटतंय त्याचीच अक्कल.

माझी थोरली बहीण चांगुणाबाई येलदरीला एकली असती. सहा वर्सं झाली, मी गेले न्हाई. हे म्हणतेत पुढच्या सोमवारी नेतो. असे तीनशे सोमवार झाले. मला आता मनाला येईल तवा जायचंय. कुणाला इचारून न्हाई, माझं मी चालवत.

मोठी गाडी आली तर माझं खलास. मी भक्तीसंगं जाऊन दोन्हींत बसून आलेय. मोठीत माझे पाय पोचले तर डोळे पोचत न्हाईत. धाकटी मला मापात येती.

तवा माझ्या लेकराला दोन मार्क दिले न्हाईत. आता त्याच्या आईला द्या. धाकटीला वर काढा.

नर्मदा

*

परभणी,
३ फेब्रुवारी

(निळ्या शाईत)

प्रिय सटवाजी,

परीक्षा पार पडली. थोरलीत मागे बसून पाय पसरले, तर पुढच्या सीटपर्यंत पोचलेच नाहीत. एका चार्जिंगमध्ये थोरली साडेचारशे किलोमीटर जाते म्हणतात, धाकटी तीनशे. दोन्ही शोरूममध्ये सांगणारी मुले नोकरीत नवी होती, म्हणून मी दोघींच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा केला. तरी ताडकळस ते येलदरी जाऊन-येऊन पावणेदोनशे, दोघींनाही जमते. घरच्या प्लगवर थोरलीला रात्र पुरत नाही, धाकटी सकाळी तयार असते.

एक गोष्ट फार आवडली. उतारावर पाय उचलला की या गाड्या खाली येता येता थोडी वीज परत मिळवतात. मी त्या मुलांतल्या एकाला गुरुजींच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. तो म्हणाला, "काका, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं."

थोरली ७२. धाकटी ७०.

(लाल शाईत)

वहिनी, निळे मोठ्याने वाचावे, लाल मनात.

चिठ्ठी वाचून मी दोन दिवस जेवलो नाही असे लिहिले तर खोटे होईल. पण एका दुपारी भाजीत मीठ घालायचे विसरलो. तुमचे लायसन साखरेखाली आहे हे वाचून आनंद झाला. पण गुण वाढवता येत नाहीत. पस्तीस वर्षांत मी कुणाला एक गुण फुकट दिला नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला, केयूरला, सहामाहीत बेचाळीसच दिले, तो अजून पुण्याहून फोन करताना ते काढतो. हा एवढाच माझा दागिना आहे. म्हातारपणी तो काढून ठेवायला सांगू नका.

तुमचे गुपित मात्र माझ्यापाशी राहील. क्षमा असावी.

विष्णुपंत

*

ताडकळस,
७ फेब्रुवारी

गुरुजी,

हे पत्र माझं एकलीचं हाय. ते वावरात गेलेत, तूर बघाय. दिसत काय न्हाई, हात लावून बघतेत.

तुमचं निळं वाचून दाखवलं. थोरली बहात्तर म्हणलं की असे खूश झाले, लिंबाजीला आवाज देऊन सांगितलं. लाल मनात वाचलं. लय वाईट वाटलं, मग लय राग आला.

मला एक सांगा. तुमाला गाडी चालवता येती का? सायकलीवरनं जाताना बी तुमी कविता म्हणत नाल्यात गेलेला माणूस, ह्यांनी सांगितलंय मला. मग चालवणाऱ्याच्या जागेवर न बसता मार्क कसे दिले? दोन्ही गाड्यांत मागं बसून आलात. मागं बसून सगळ्याच गाड्या चांगल्या असत्यात. आमी बायका जलमभर मागंच बसलोत, आमाला इचारा.

दागिना तुमचा तुमाला लखलाभ. मला तुमचा दागिना नको, पर तपासणी पुरती करा. ११ तारखेला डोळ्याची तारीख घ्याय आमी परभणीला येतोत. ह्यांना दवाखान्यात महारुद्राजवळ बसवून मी भक्तीला घेऊन शोरूमला येती. तुमी या. माझ्या बाजूला बसायचं. मफलर बांधून या, तुमाला सर्दी लवकर होती.

भ्यायचं न्हाई.

नर्मदा

*

परभणी,
१३ फेब्रुवारी

(लाल शाईत)

वहिनी,

आधी लाल, कारण निळ्याचे कारण त्यात आहे.

परवा तुम्ही पदर खोचून थोरलीत बसलात आणि विचारलेत, "समोर काय दिसायलंय?" मी म्हणालो, आकाश. तुम्ही म्हणालात, "मलाबी तेवढंच." रस्ता मात्र मला बाजूच्या काचेतून दिसत होता, आणि त्यात एक म्हैस होती. भक्ती मागून "आजी, आजी!" ओरडली. ब्रेक चांगले आहेत. ते मी आधी तपासले नव्हते. भक्तीशेजारी बसलेली शोरूमची ती स्वरदा नावाची मुलगी कागदावर काहीतरी लिहीत होती, तिचे पेन खाली पडले.

मग धाकटी. गाव सुटले, पेडगावचा रस्ता लागला आणि तुम्ही बोलायच्या थांबलात. तुम्हाला मी पन्नास वर्षे ओळखतो. गप्प बसलेल्या पहिल्यांदा पाहिले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ज्वारीतली पाखरे ऐकू येत होती. मी एक कविता सुरू केली. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, आता नगं, वळण हाय." आयुष्यात माझी कविता इतक्या योग्य कारणासाठी कुणी थांबवली नव्हती.

पेडगावला चहासाठी थांबलो तेव्हा तुम्ही स्टिअरिंगवरचा हात काढला, तळहात पदराला पुसला आणि म्हणालात, "आता येलदरी लांब न्हाई." तेव्हा मला कळले की मी पेपर अर्धाच तपासला होता. चौथ्या प्रश्नात 'बसायला कशी' असे विचारले, आणि उत्तर मागच्या सीटचेच वाचले. पान उलटलेच नाही. तुमचा आरोप मान्य.

(निळ्या शाईत. मोठ्याने वाचावे.)

प्रिय सटवाजी,

फेरतपासणीत माझी चूक सापडली. थोरलीचा एकही गुण कमी केलेला नाही. धाकटीच्या चौथ्या प्रश्नातला चालकाच्या जागेचा भाग तपासायचा राहिला होता. त्याचे दोन गुण वाढले. थोरली ७२, धाकटी ७२.

आता बरोबरी. आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा नियम तुला ठाऊक आहे: गुण सारखे झाले तर वयाने लहान असेल त्याला पहिला नंबर. याच नियमाने सहावीत तू मला हरवलेस आणि ढाल घरी नेलीस. तेव्हा तू नियमाविरुद्ध बोलला नव्हतास. धाकटी पहिली.

लिंबाजीला काय सांगायचे ते तू ठरव.

तुझा,
विष्णुपंत

*

ताडकळस,
२५ मार्च

विष्णुपंत,

हे अक्षर माझं हाय. वाकडं हाय, पर माझं. दोन्ही डोळ्यांचं आपरेशन झालं. आता मला मुंगीच्या मिशा दिसायल्यात. सगळ्यात आधी काय केलं सांगू? साखरेचा डबा उचलला. खाली लायसन, त्याच्याखाली तुझी पत्रं. लाल, निळं, सगळं वाचून काढलं.

मास्तरा, लाज वाटली न्हाई? मैतराच्या बायकोशी लाल शाईत गुपचूप! जरा तरी अक्कल चालवायची. धुरकट डोळ्यांनीबी लाल रंग दिसतो. नर्मदा निळं खडाखडा वाचायची अन् लाल आलं की खोकायची. मला वाटलं, विष्ण्याची पत्रं वाचून बाईला दमा लागला.

अन् शेकाचं म्हणशील, तर ते मला मागल्या सालीच कळलं. शेक घेऊन येणारी बाई येष्टीत बसली की ड्रायव्हरला म्हणायची, "इंडिकेटर देऊन वळवा की." मी बाजूला बसलेलो असायचो. सोबत म्हणून आणायला जायचो तवा.

तू म्हणशील, मग बोललास का न्हाई. तिनं सांगितलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो. मला माझा सोभाव ठाऊक हाय. म्हणून इचारलंच न्हाई.

आता थोरलीचं. लिंबाजी अन् चार बोटं हे सगळं बाहेर सांगायचं. येष्टीत तिचा पाय आखडतो, उतरताना डोळ्यांत पाणी येतं. मला तर दिसंना, मी कसली गाडी चालवतो अन् तिला कसा नेतो? हे तोंडानं सांगाय लाज वाटायची, म्हणून सोमवार पुढं ढकलायचो. थोरलीची मागची सीट लांब हाय, पाय पसरून झोपून येलदरीला जाईल, एवढाच माझा इचार. तवा मागची सीट नीट बघ म्हणलं होतं तुला. मला काय ठाऊक, तिला मागं बसायचंच न्हाई!

धाकटी आली पाडव्याला. लिंबाजीला सांगितलं, उंची काय करायची, आपल्या घरातली माणसं हुशार हायेत.

परवा येलदरीला जाऊन आलो. ती चालवायली, मी डाव्या बाजूला. मी दोनदा म्हणलं, हळू. तिनं दोनदा ऐकलं न्हाई. तिसऱ्यांदा म्हणली, "उतरून येष्टीनं या." चांगुणाबाईनं बहिणीला चालवताना बघितलं अन् हातातलं सूप खाली टाकलं. मग दोघी अशा रडल्या, अन् मग अशा हासल्या की मला कुणी पाणी सुदीक इचारलं न्हाई. चांगुणाबाईच्या सैपाकघरातनं वायर काढून गाडीला लावली. मी म्हणलं, बघा, धरणाचं पाणी प्यायली गाडी. दोघींनीबी ऐकलं न्हाई.

येताना कालव्याजवळ उतरलो. तीच जागा. वाकून बघितलं. पडलो न्हाई. मागनं तिनं सदरा धरला होता.

आता तुझा हिशोब. तिला दोन मार्क दिलेस. दागिना काढलासच. मग महारुद्राचे दोन कुठं हायेत? पोरगं पंचेचाळीस वर्सांचं झालं, अजून बैलगाडीतबी मागं बसाय भितंय. ते काय न्हाई. कागद पाहिजे. सहीनिशी.

सटवाजी

*

परभणी,
३० मार्च

प्रिय सटवाजी,

तुझे अक्षर पाहिले. सातवीत होते तसेच आहे; डोळ्यांचा दोष नव्हता म्हणायचा.

खोकल्याचे मला सुचले नव्हते. वहिनींना माझा दंडवत सांग. त्यांना यापुढे लाल शाईत काही लिहिणार नाही. सगळे काळ्यात लिहीन, म्हणजे कुठे खोकायचे ते त्यांचे त्या ठरवतील.

आता दोन गुण. यासाठी मी माळ्यावरची जुनी वही काढली. धूळ झटकताना शिंका आल्या, आणि मधले एक पान हाती आले. तुला कधी सांगितले नाही ते आज सांगतो. नववीच्या त्या पेपरात आलेली कविता कुठल्याही पुस्तकातली नव्हती. ती माझी होती. मी तेव्हा चाळिशीचा होतो, कुणी छापत नव्हते, म्हणून वर्षातून एक कविता प्रश्नपत्रिकेत घालून मुलांकडून वाचून घ्यायचो. खाली कवीचे नाव लिहायचो नाही.

महारुद्राने लिहिले, "ते कवीलाच विचारा." कवी त्याच्यापासून पाच पावलांवर, हातात खडू घेऊन, वर्गावर देखरेख करत उभा होता. त्याने नुसता हात वर करायचा होता. आणि मी भोपळा दिला तो उत्तर चुकले म्हणून नाही, सटवाजी. मला राग आला होता म्हणून.

काल संध्याकाळी ती कविता मी पुन्हा वाचली. तीनदा वाचली. मग कवीला विचारले. कवी म्हणाला, त्याला तेव्हाही ठाऊक नव्हते.

म्हणून सोबत हा कागद:

चि. महारुद्र सटवाजी, इयत्ता नववी, विषय मराठी. पूर्वीचे गुण ३३. फेरतपासणीत वाढलेले गुण २. एकूण ३५. उत्तीर्ण. दहावीत घातला आहे.

चारांपैकी दोनच दिले, कारण उत्तर बरोबर असले तरी अक्षर बापावर गेले आहे.

कागदावर खाली पालकांची सही लागते. त्या साली नापासाच्या निकालावर 'सटवाजी' अशी फार सरळ ओळीत सही आली होती, आणि मी काही बोललो नव्हतो. आता तुझे डोळे बरे आहेत. या वेळी वहिनींकडून करून घेऊ नकोस.

तुझा,
विष्णुपंत